रोबोटिक्स स्पर्धा : परीक्षा बुद्धीची की थैलीची?

केंद्र शासनाच्या नीती आयोगाने २०१६ साली अटल इनोव्हेशन मिशन सुरू केले आणि त्या योजनेखाली सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळाशाळांतून अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. एका प्रयोगशाळेस वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान. त्यातून थ्री-डी प्रिंटर, सेन्सर, मोटारी, आर्डुइनोचे बोर्ड असे साहित्य. ज्या शाळांना अनुदान मिळाले त्यांच्या पाठोपाठ, ज्यांना मिळाले नाही त्यांनीही पदरमोड करून काहीबाही जमविले, आणि विज्ञान प्रदर्शनातील ज्वालामुखी व पवनचक्की यांच्या शेजारी चाकांवर धावणारी छोटी यंत्रे येऊन बसली. यंत्रे आली तशा स्पर्धाही आल्या. आज तालुक्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापासून महानगरातील खाजगी शिक्षणसंस्थेपर्यंत जो तो रोबोटिक्स स्पर्धा भरवितो. याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र या स्पर्धा कशा भरवाव्यात, त्यांचे परीक्षण कोणी आणि कोणत्या कसोटीने करावे, याचा विचार आपल्याकडे फारसा होताना दिसत नाही. मांडव, फ्लेक्स, प्रमुख पाहुणे आणि चषक यांच्या तयारीत जितका वेळ जातो त्याच्या दशांशही नियमावलीवर जात नाही.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक आहे. मोटारीच्या तारा जोडणे हे त्याचे काम नव्हे. ते काम विज्ञानाचे सहकारी उत्तम करतात. परंतु परीक्षा घेणे, गुण देणे आणि त्या गुणांचा मुलाच्या मनावर काय परिणाम होतो ते पाहणे, हे काम तो आयुष्यभर करीत आला आहे. आपल्या निवासी विद्यालयातील मुले ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवरील मजुरांची, भूमिहीन कुटुंबांची आहेत. आठवीतील अशा मुलाने आयुष्यातील पहिली स्पर्धा हरणे ही काही आपत्ती नव्हे. आपत्ती ही की, आपण का हरलो हे त्याला कोणी सांगत नाही, आणि मग तो स्वतःच स्वतःची समजूत घालतो की हे क्षेत्र आपल्यासारख्यांचे नव्हेच. एका दिवसाच्या वाईट परीक्षणाने जो दरवाजा बंद होतो तो पुढे दहा वर्षे उघडत नाही.

शालेय पातळीवर सर्वात जास्त भरविली जाणारी स्पर्धा म्हणजे ‘लाइन फॉलोअर’, अर्थात रेषेमागून जाणारा रोबो. पांढऱ्या पृष्ठभागावर काळ्या पट्टीची वळणावळणाची वाट आखलेली असते. रोबोच्या पोटाखाली दोन किंवा अधिक इन्फ्रारेड सेन्सर बसविलेले असतात. प्रत्येक सेन्सरात डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडणारा एक दिवा आणि परत आलेले किरण टिपणारा एक ग्राहक असतो. पांढऱ्यावरून किरण परततात, काळ्यात बहुतांशी शोषले जातात. डावा सेन्सर काळ्यावर आला की प्रोग्राम डावी मोटर मंद करतो, उजवी चालूच राहते आणि यंत्र डावीकडे वळते. तत्त्व इतके सोपे आहे. आर्डुइनो उनोसारखा एक बोर्ड, एक मोटर ड्रायव्हर, पिवळ्या रंगाच्या दोन बीओ मोटारी, चाके, दोनतीन सेन्सर आणि पुन्हा चार्ज होणारे दोन सेल एवढे साहित्य दीड-दोन हजार रुपयांत बसते. याच स्पर्धेत दहा हजारांच्या पटीत किंमत असलेली परदेशी बनावटीची किटेही उतरतात. दोन्ही एकाच टेबलावर, एकाच घड्याळासमोर, एकाच गटात.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटते, कारण या स्पर्धांचा उगम नेमका उलट्या विचारातून झाला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी १९७० च्या दशकात यंत्ररचनेचा अभ्यासक्रम शिकविताना एक पद्धत रुजविली. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती सारख्याच वस्तूंचा एक संच द्यायचा. त्यातील बऱ्याचशा वस्तू अडगळीतल्या वाटाव्यात अशा. एक काम नेमून द्यायचे आणि सत्राच्या शेवटी सर्वांची यंत्रे एकमेकांसमोर उभी करायची. सामग्री सारखी, म्हणून फरक पडेल तो केवळ बुद्धीचा आणि चिकाटीचा. संशोधक डीन केमेन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली तेव्हा फ्लॉवर्स त्यांच्यासोबत होते. त्या संस्थेची पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर येथे एका शाळेच्या व्यायामशाळेत अठ्ठावीस संघांची झाली. १९९३ मध्ये टेक्सासमध्ये सुरू झालेल्या ‘बेस्ट’ या स्पर्धेने तर संघांकडून प्रवेश शुल्क घ्यायचे नाही आणि साहित्याचा संच आयोजकांनीच द्यायचा, हा दंडक ठेवला. २०१७ पासून भरणाऱ्या ‘फर्स्ट ग्लोबल’ स्पर्धेत प्रत्येक देशाचा एकच संघ असतो आणि साऱ्यांना एकच संच पाठविला जातो.

महाराष्ट्राला हे विश्व अगदीच अपरिचित नाही. आशिया-पॅसिफिक देशांतील महाविद्यालयीन संघांची रोबोकॉन ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली आणि २००८ व २०१४ अशी दोनदा पुण्यात भरली. २००८ च्या स्पर्धेचा विषय चक्क ‘गोविंदा’ होता. यंत्रांना दहीहंडी फोडायची होती. विषय कोणता घ्यावा याविषयी आमचे मत वेगळे असू शकते, पण स्पर्धेचा विषय आणि नियम कित्येक महिने आधी लेखी जाहीर होतात, ही त्या स्पर्धेची शिस्त मात्र आमच्या तालुका स्पर्धांनी उचलावी अशी आहे.

समान संधीचा देखावा आणि समान संधी यांतील भेद आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला होता. क्रांतिबा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले त्यात शिष्यवृत्त्यांचाही प्रश्न होता. स्पर्धेतून शिष्यवृत्ती देण्याची रीत कागदावर कितीही न्याय्य दिसली, तरी तिच्यामुळे शिक्षण मागे राहिलेल्या वर्गांपर्यंत पोहोचत नाही, असे त्यांनी त्या वेळीच नोंदविले आणि अशा वर्गांसाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात अशी मागणी केली. जोतीरावांचा आक्षेप स्पर्धेवर नव्हता. सुरुवातीची रेषा कोठे आखली आहे, हा त्यांचा प्रश्न होता. रोबोच्या टेबलाशी उभे राहिले की तोच प्रश्न आजही विचारावा लागतो.

तेव्हा पहिली सुधारणा खर्चाची. प्रत्येक गटाला खर्चाची कमाल मर्यादा असावी आणि संघाने साहित्याची यादी बाजारभावासह जोडावी. बाजारभाव यासाठी की, देणगीत मिळालेली महागडी मोटर ‘फुकट’ म्हणून दाखविण्याची पळवाट राहू नये. उलट भंगारातून काढलेल्या प्रिंटरच्या मोटारीला भंगाराचाच भाव धरावा. जुन्या वस्तूतून नवे काम काढणे ही शिक्षा होण्यासारखी गोष्ट नाही. महाग किटांवर बंदी घालावी असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या मुलांना ती मिळाली त्यांनी ती वापरावीत, पण त्यांचा गट वेगळा असावा. आणि जिल्हा पातळीच्या आयोजकाला प्रायोजक मिळतच असतात. त्यांच्या पैशातून व्यासपीठावरची फुले थोडी कमी करून वीस संघांना पुरतील इतके समान संच घेता येतात. ते स्पर्धेनंतर परत घ्यावेत आणि पुढच्या वर्षी पुन्हा द्यावेत.

दुसरी गोष्ट टेबलाची आणि वेळापत्रकाची. ही बाब क्षुल्लक वाटते, पण अर्ध्याहून अधिक अन्याय येथेच होतो आणि तो कोणाच्या दुष्टपणामुळे होत नाही. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात. स्पर्धेचे टेबल खिडकीपाशी असेल तर ऊन पडलेल्या भागात सेन्सरच्या ग्राहकावर सूर्याचेच किरण आदळतात आणि काळी पट्टीसुद्धा त्याला पांढरी भासते. सकाळी दहा वाजता वाट बिनचूक पार करणारा रोबो दुपारी तीन वाजता पहिल्याच वळणावर भरकटतो, आणि निवेदक ध्वनिक्षेपकावरून सांगतो की अमुक संघ अपयशी ठरला. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइटची तिरीप पडली तरी घोटाळा होतो. जाणकार मुले यासाठी स्पर्धेपूर्वी सेन्सरची पातळी त्या जागेच्या उजेडाप्रमाणे जुळवून घेतात, पण त्यासाठी खऱ्या टेबलावर सरावाची संधी मिळायला हवी. ती स्थानिक संघांना आदल्या संध्याकाळी मिळते आणि पहाटेची एसटी पकडून आलेल्यांना मिळत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

बॅटरीचेही तसेच. लिथियमचे दोन सेल एकापुढे एक जोडले तर पूर्ण भरलेले असताना ८.४ व्होल्ट मिळतात. वापरता वापरता तो दाब सातपर्यंत आणि त्याखाली उतरतो. दाब उतरला की मोटर मंदावते. ज्या रोबोचा प्रोग्राम ‘अर्धा सेकंद वळ’ अशा भाषेत लिहिलेला आहे त्याचे वळण मग अपुरे पडते. महागड्या मोटारींत चाक किती फिरले ते मोजणारा एन्कोडर असतो, त्यामुळे तिला हा त्रास कमी होतो. स्वस्त मोटर पूर्णपणे दाबाच्या मेहेरबानीवर. पाहुण्यांच्या आगमनासाठी स्पर्धा तीन तास खोळंबते तेव्हा त्या विलंबाची किंमत कोण मोजतो, हे यावरून ध्यानात यावे. उपाय खर्चिक नाहीत. टेबल खिडकीपासून दूर ठेवावे, पृष्ठभाग मळकट चालेल पण चमकणारा नको, प्रत्येक संघाला खऱ्या टेबलावर ठरावीक मिनिटे सराव मिळावा, चार्जिंगसाठी पुरेसे बोर्ड असावेत आणि फेऱ्यांची वेळ पाळावी.

फेऱ्या किती घ्याव्यात? एकच फेरी घेणे म्हणजे नाणेफेक करणे होय. फर्स्ट लेगो लीग या जगभर चालणाऱ्या शालेय स्पर्धेत प्रत्येक संघाला टेबलावर तीन फेऱ्या मिळतात आणि त्यांतील सर्वोत्तम गुण धरले जातात. नवशिक्यांसाठी हीच रीत योग्य वाटते, कारण एक फेरी हुकली तरी चालते म्हटल्यावर मूल धाडस करते. दुसरे असे की, निव्वळ वेळेवर निकाल लावू नये. घड्याळ हे थैलीचे मित्र आहे. जास्त पैसे, जास्त वेगवान मोटर. काम टप्प्याटप्प्याने मांडावे, प्रत्येक टप्प्याला गुण असावेत आणि गुण समान झाले तरच वेळ पाहावी. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडमध्ये, जिची सुरुवात २००४ साली सिंगापूरला झाली, हीच पद्धत आहे.

आता खऱ्या गाभ्याकडे, म्हणजे परीक्षकाकडे येऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात, प्राचीन भिक्खू संघांना संसदीय कार्यपद्धतीचे सारे नियम ठाऊक होते आणि ते त्यांनी आपल्या सभांना लावले होते, याचे स्मरण करून दिले. त्यात मतमोजणीही आली. विनयपिटकातील चुल्लवग्गात संघात वाद उत्पन्न झाल्यास बहुमत कसे घ्यावे हे सांगितले आहे. मतासाठी शलाका, म्हणजे काड्या, वाटल्या जात आणि त्या वाटणाऱ्या भिक्खूची नेमणूक संघ करी. तो कोण असावा? जो छंदाने जात नाही, दोसाने जात नाही, मोहाने जात नाही, भयाने जात नाही, आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे ज्याला कळते, तो. चीवरांचे वाटप, निवासाची व्यवस्था अशा कामांवर नेमल्या जाणाऱ्या भिक्खूंसाठीही पहिली चार लक्षणे हीच आहेत. ज्याच्या हाती वाटप आहे त्याच्याकडून अन्याय होण्याच्या या चार वाटा. रोबोटिक्स स्पर्धेच्या परीक्षकाकडे गुणांचे वाटप असते, म्हणून त्याला ही मोजपट्टी लावून पाहण्यास हरकत नसावी.

छंद म्हणजे आपल्या माणसाकडे ओढा. जो क्लास किट विकतो तोच स्पर्धा भरवितो, त्याचाच प्रशिक्षक परीक्षक असतो आणि त्याच क्लासचे विद्यार्थी स्पर्धक असतात, असे आज सर्रास घडते. कोणी बेईमानी करतोच असे नाही. पण आपण शिकविलेली रचना समोर दिसली की ती चांगली वाटणे हा मनाचा धर्म आहे. म्हणून ज्याने एखाद्या संघाला शिकविले असेल वा साहित्य विकले असेल त्याने त्या संघाच्या परीक्षणातून उठून जावे, आणि असे संबंध परीक्षकांनी आरंभीच लिहून द्यावेत.

दोस म्हणजे द्वेष. आजकाल तो उघड बोलत नाही. तो “कोणती शाळा?”, “आडनाव काय?”, “वडील काय करतात?” अशा साध्या प्रश्नांच्या वेषात येतो. या तीन प्रश्नांपैकी एकाचाही मोटारीशी संबंध नाही. संघाला क्रमांक द्यावा, छातीवर तोच लावावा, गुणपत्रकावर तोच लिहावा. मुलांनी नाव सांगायचे ते पहिले नाव. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसते ते कशासाठी, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

भयाविषयी थोडक्यात. आयोजक संस्थेच्या विश्वस्तांची शाळा, लोकप्रतिनिधीची शाळा, जाहिरातदाराची शाळा, यांचे दडपण निकाल लागल्यानंतर आणि बक्षीस समारंभापूर्वी येते. त्या मधल्या तासाला कुलूप लावले की काम झाले. प्रत्येक फेरीचे गुण टेबलापाशीच फलकावर लिहावेत, संघाच्या प्रतिनिधीची सही घ्यावी, अंतिम तक्ता समारंभाआधी अर्धा तास भिंतीवर लावावा आणि हरकती त्याच वेळेत लेखी घ्याव्यात. पाहुण्यांनी तो तक्ता फक्त वाचून दाखवावा.

मोहाविषयी मात्र विस्ताराने लिहावे लागेल, कारण सर्वात जास्त गुण याच वाटेने चुकीच्या हाती जातात. मोह म्हणजे अज्ञान आणि भुरळ दोन्ही. थ्री-डी प्रिंटरवर काढलेले गुळगुळीत कवच, रंगीत दिवे, स्लाइड शो आणि अस्खलित इंग्रजी यांची भुरळ. आणि त्या कवचाखाली काय आहे ते पाहण्याची दृष्टी नसणे हे अज्ञान. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आपल्या विद्यार्थिनींचा एक संघ उतरला होता. चढावर त्यांच्या रोबोची मागची चाके गरगर फिरत आणि यंत्र जागीच राही. ज्या चाकांना मोटर आहे त्यांच्यावर वजन कमी पडते म्हणून पकड मिळत नाही, हे त्यांनी शोधून काढले. पुढचा सेल मागे सरकवून पाहिला, पुरेसे झाले नाही. मग ओढ्यातला एक गोटा आणून मागच्या आसावर सुतळीने बांधला आणि रोबो चढ चढला. परीक्षकांनी गोटा पाहून स्मित केले, “कव्हर का बसविले नाही?” असे इंग्रजीत विचारले आणि मुलगी मराठीत उत्तर देऊ लागताच पुढच्या टेबलाकडे वळले. सादरीकरणाला दहापैकी तीन गुण. ‘का केले’ याला गुणपत्रकात रकानाच नव्हता. तीन मुलींनी भौतिकशास्त्रातील घर्षणाचा धडा स्वतःच्या हाताने शोधून काढला होता, आणि तो लिहून घ्यायला त्या सभागृहात जागा नव्हती.

याउलट एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत पाण्याखाली चालणाऱ्या रोबोंची ‘मेट’ नावाची स्पर्धा होते. २००४ साली ती कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे भरली होती. अ‍ॅरिझोना राज्यातील फीनिक्स शहरातल्या कार्ल हेडन या सरकारी शाळेचे चार विद्यार्थी तेथे वरच्या गटात उतरले, ज्यात एमआयटीसारख्या संस्थांचे संघ होते. हे चौघे मेक्सिकोतून आलेल्या, कायदेशीर कागदपत्रे नसलेल्या गरीब स्थलांतरित कुटुंबांतील. त्यांचे यंत्र नळकामाच्या पीव्हीसी पाइपांचे, जेमतेम ८०० डॉलरच्या आसपास देणगीतून उभे केलेले. त्याच्या वासामुळे मुलांनी त्याचे नावच ‘स्टिंकी’, म्हणजे घाणेरड्या वासाचा, असे ठेवले होते. पाण्यातील कामांत हा संघ पहिला आला नव्हता. तरीही एकूण विजेता तोच ठरला आणि एमआयटी दुसऱ्या स्थानी राहिली. याचे कारण स्पर्धेच्या रचनेत होते. पाण्यातील कामगिरीसोबत तांत्रिक अहवाल आणि तज्ज्ञांनी घेतलेली तोंडी परीक्षा यांनाही वजन होते. प्रत्येक भाग असा का, दुसरा पर्याय का नाकारला, हे विचारले गेले आणि मुलांनी ते सांगितले, कारण यंत्र त्यांनीच केले होते. पुढे या प्रसंगावर ‘स्पेअर पार्ट्स’ हा चित्रपट निघाला. तो मुलांना जरूर दाखवावा. पण आयोजकांनी त्यातील मुलांपेक्षा परीक्षकांकडे लक्ष द्यावे असे मला वाटते.

फर्स्ट लेगो लीगमध्येही टेबलावरील गुणांना अंतिम निवडीत केवळ चौथा हिस्सा आहे. उरलेले तीन हिस्से यंत्राच्या रचनेमागील विचार, एका सामाजिक प्रश्नावरील प्रकल्प आणि संघातील परस्पर वागणूक यांना सारखे विभागलेले आहेत. आपल्या तालुका स्पर्धेला चारही बाजू झेपणार नाहीत. दोन मात्र झेपतात : निम्मे गुण टेबलावर, निम्मे मुलाखतीत. मुलाखत संघ निवडील त्या भाषेत, आणि मराठी मुलखात ती मुळातच मराठीत. ‘सेन्सर’ला सेन्सर म्हटले की काम भागते, त्याभोवतीची वाक्ये कोणत्या भाषेत आहेत याने यंत्राच्या चालीत फरक पडत नाही. परीक्षकाजवळ लेखी प्रश्न असावेत. पहिल्यांदा केले तेव्हा काय बिघडले? ते कसे शोधले? हा भाग काढला तर काय होईल? कोणते काम कोणी केले? वहीत रोजची नोंद ठेवणाऱ्या संघाला ही उत्तरे पाठ करावी लागत नाहीत. म्हणून ती वहीही पाहावी, मग ती दोनशे पानी साधी वही का असेना.

मुलाखतीचा आणखी एक फायदा आहे. मुलांच्या यंत्रामागे मोठ्यांचा हात किती, हे तीत उघडे पडते. पालकांनी वा क्लासने तयार करून दिलेला रोबो ओळखणे कठीण नसते, पण आरोप करण्याने कटुता येते. त्यापेक्षा वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडची युक्ती चांगली. तेथे स्पर्धेच्या दिवशी सकाळी एखादा अनपेक्षित नियम जाहीर होतो आणि मुलांना मार्गदर्शकाविना त्याप्रमाणे बदल करावे लागतात. कित्येक वर्षे तर रोबो सुटा करून आणायचा आणि तेथेच जोडायचा, असाही नियम होता. आपल्याकडे याचे साधे रूप करता येईल. दुसऱ्या फेरीपूर्वी सांगावे की वाटेवर निळी पट्टी चिकटविली आहे, तेथे तीन सेकंद थांबायचे. चाळीस मिनिटे द्यावीत. शिक्षक आणि पालक दोरीच्या पलीकडे. ज्याने प्रोग्राम लिहिला आहे तो बदलील. ज्याने तो विकत घेतला आहे तो दोरीकडे पाहील.

परीक्षक दोन वा अधिक असले की आणखी एक अडचण येते. एकाचा हात सैल, दुसऱ्याचा आखडता. पहिल्या खोलीतील सामान्य संघाला आठ, दुसऱ्या खोलीतील उत्तम संघाला सहा. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला हे नवे नाही. म्हणूनच बोर्डाच्या तपासणीआधी नियामकांची बैठक होते. तसेच येथे करावे. सकाळी सर्व परीक्षकांनी स्पर्धेबाहेरचा एकच रोबो पाहून स्वतंत्रपणे गुण द्यावेत, मग ते शेजारी ठेवून तफावत का पडली ते बोलावे. अर्ध्या तासाचे काम आहे. गुणपत्रकात नुसते ‘नावीन्य – १०’ असे न लिहिता दोन, पाच, आठ गुण कशाला हे एकेका वाक्यात लिहावे. आणि एवढे करूनही दोन खोल्यांत संघ विभागलेच, तर प्रत्येक खोलीतील पहिले दोन संघ सर्व परीक्षकांनी मिळून पुन्हा पाहावेत.

राहिले शलाका वाटणाऱ्या भिक्खूचे पाचवे लक्षण : काय घेतले आणि काय नाही हे ज्ञात असणे. म्हणजे नोंद. आपल्याकडे गुणपत्रके समारंभ संपताच कचऱ्यात जातात. आपल्या विद्यालयाने येत्या वर्षी परिसरातील दहाबारा शाळांसाठी अशी एक स्पर्धा भरवावी असा प्रस्ताव शिक्षक-सभेत मांडला गेला आहे. जागेसाठी वाचनालयाचा उत्तरेकडचा दालनभाग सोयीचा, कारण तेथे ऊन थेट येत नाही. नियमावली मराठीत, दोन महिने आधी. खर्चाची मर्यादा दोन हजार. प्रवेश शुल्क नाही. मुक्काम आपल्या वसतिगृहात, म्हणजे लांबच्या संघांनाही आदल्या सायंकाळी टेबल मिळेल. आणि प्रत्येक संघाच्या गुणपत्रकाची एक प्रत त्याच दिवशी त्याच्या हाती द्यायची. तिच्या पाठीमागे परीक्षकाने स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहायच्या : या यंत्रात काय चांगले साधले आहे, आणि पुढच्या वेळी काय करून पाहावे.